डोंगर बंद व्हायची धून

तुम्ही आमच्या डोंगराचं तोंड बंद केलंत. सरळ लिहितेय. गोल गोल लिहायला मी कुठे शिकले नाही, आणि गोल गोल बोलण्याचं काय होतं ते गेल्या हिवाळ्यात पाहून झालंय.

तुमचं नाव लिहीत नाही. तुमच्या कचेरीचंही नाही. पण आमच्या गावच्या सभागृहात येऊन, बूट दाराशी ओळीनं लावून, आमच्या उशांवर बसून, आमचा चहा पिऊन जे बोललात ते तुम्हाला आठवत असेलच. "मोठ्या स्की रिसॉर्टांवर आज काय आहे? गर्दी आणि गोंगाट. आणि कुरुमिझावात काय आहे? शांतता!" कुरुमिझावात दोन जुन्या लिफ्ट आहेत, स्की भाड्यानं देणारं एक दुकान आहे आणि चार पाहुणेघरं, त्यातलं एक माझं. इतकी वर्षं आम्ही ज्याला 'गिऱ्हाईक नाही' म्हणत होतो, त्याला तुम्ही शांतता म्हणालात. बरं वाटलं हो ऐकून. आपल्या घरातल्या ओलीला कुणी 'गारवा' म्हणावं तसं.

मग योजना आली. 'शांत बर्फगाव'. दर्जा मिळणार, लाकडी पाटी मिळणार, आणि पाटीमागोमाग लिफ्टचा नवा दोर मिळणार. जुना दोर फार दिवस चालायचा नाही हे आम्हालाही माहीत होतं आणि तुम्हालाही. म्हणून तर आधी पाटीचं बोललात आणि दोराचं सगळ्यात शेवटी, चहा संपता संपता.

नियम वाचून दाखवलेत. दारांवरच्या घंटा काढायच्या. घरातल्या सपातांना खालून लोकरीचा नमदा लावायचा, पावलं वाजू नयेत म्हणून. स्कीच्या दुकानातला कुत्रा हंगामभर नातेवाइकांकडे पाठवायचा. त्या कुत्र्याला तुम्ही पाहिलंय. तो भुंकत नाही, नुसता सुस्कारे टाकतो. पण गेला बिचारा बहिणीच्या सासरी. नंतर तुमचा माणूस आवाज मोजायचं यंत्र घेऊन आला, तेव्हा माझ्या छपरावरचा बर्फ धप्पकन खाली पडला आणि त्यानं तोही टिपून घेतला. बर्फाला समज द्यायची तेवढी राहिली.

आणि शेवटचा नियम: लिफ्टच्या खांबांवरच्या कर्ण्यांतून रोज चार वाजता वाजणारी, डोंगर बंद व्हायची धून. ती बंद.

"कुणाची काही हरकत?" तुम्ही विचारलंत.

सभागृहात कुणी बोललं नाही. सगळ्यांनी आपापल्या गुडघ्यांकडे पाहिलं. माझा दीर मासुओ, जो लिफ्ट चालवतो, त्यानं दातांमधून हवा आत ओढली आणि मान तिरकी केली. आता ह्याचा अर्थ काय होतो? तुम्ही काही परदेशातून आला नव्हतात. तुमच्या आईनंही अशीच मान तिरकी करून तुमची अर्धी लग्नं मोडली असतील. आमच्यात गप्प बसणं म्हणजे 'हरकत आहे, पण तुम्ही ओळखा.' तुम्ही ओळखलंतही. आणि लिहून घेतलंत, 'एकमतानं मंजूर'.

धून कशाला लागते, हे तुम्हाला मी सांगायचं? ज्या देशात दुकानदाराला 'आता निघा' म्हणता येत नाही, वाचनालयातल्या बाईला म्हणता येत नाही, त्या देशात ते काम धून करते. ती वाजली की माणूस आपण होऊन उठतो, टोपी घालतो, निघतो. कुणाचा अपमान नाही, कुणाला शब्द खर्चावा लागत नाही. तुमच्या स्वतःच्या इमारतीत संध्याकाळी ती वाजतेच. मी ऐकलीय. तिसऱ्या मजल्यावर माझा अर्ज हातात घेऊन उभी होते, आणि ती वाजताच तुमची खिडकी माझ्या नाकासमोर बंद झाली. आवाज चांगला मोठा होता.

धुनेच्या जागी तुम्ही आम्हाला एक फळी दिलीत. सुंदर अक्षरात ब्रशनं लिहिलेली: 'दिवस सरत आला आहे.' चार वाजता मासुओनं ती धरून उभं राहायचं. पाहुण्यांना फार आवडली. ते तिच्याबरोबर फोटो काढायचे आणि पुन्हा लिफ्टच्या रांगेत जाऊन उभे राहायचे.

फेब्रुवारीत इनागाकी जोडपं आलं. लग्न झाल्यापासून दर वर्षी येतात, माझी सासू पाहुणेघर चालवत होती तेव्हापासून. तामोत्सु-सान बसमधून उतरले, अंगण पाहिलं, छपरावरचा बर्फ पाहिला आणि बायकोला म्हणाले, "छान जागा शोधलीस गं. आपण इथे पहिल्यांदाच येतोय ना?"

"हो ना," ओरिए-सान म्हणाल्या. माझ्याकडे बघून त्यांनी असं काही वाकून नमस्कार केला की मला विचारावंसंच वाटलं नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मी नको म्हणत असताना मुळा सोलायला घेतला.

"मालकीणबाई, आता झाकून काय ठेवायचं. आमच्या ह्यांना घर आठवत नाही. मुलीचं नाव कधी आठवतं, कधी तिला 'ताई' म्हणतात. मागच्या महिन्यात बाजारात गेले ते दुसऱ्याच्याच घरात जाऊन जेवायला बसले. त्या लोकांनी वाढलंही बिचाऱ्यांनी."

"मग डोंगरावर कसं काय...?"

"तेच तर. पायात स्की चढली की काही विसरत नाहीत. डॉक्टर म्हणाले, नका नेऊ. मी म्हटलं, मग काय करू देऊ? भिंतीकडे बघू देऊ?" त्यांनी मुळ्याची लांबच लांब साल काढली, तुटू न देता. "आणि धून आहे ना. दुकानात होते ना हे, सबंध जन्म, त्या मोठ्या कापडाच्या दुकानात. बंद व्हायची धून वाजली की दाराशी उभं राहायचं, गिऱ्हाइकांना वाकून निरोप द्यायचा. बाकी सगळं गळून गेलं, ते नाही गेलं. इथे चारला धून वाजते, हे खाली येतात. मी आपली तुमच्या खिडकीत चहा घेऊन बसते. माझी सुट्टी म्हणजे तेवढीच हो. वर्षभर ह्यांच्यामागे धावायचं, आणि इथे चार दिवस नुसतं बसायचं. कारण धून त्यांना आणून देते."

मी सांगितलं. यंदा धून नाही.

सुरी थांबली. "अस्सं का," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग पुन्हा सोलायला लागल्या, पण सालीचे तुकडे पडत होते.

मासुओ मागच्या दारातून बर्फ झटकत आत आला. त्यानं ऐकलं होतं.

"मी सांगतो ना त्यांना, वहिनी. त्यात काय एवढं? चार वाजले की म्हणेन, इनागाकी-सान, बास आता, चला खाली."

"म्हणशील?"

"म्हणेन की."

"गेल्या वर्षी तो शेजारचा तुझी शिडी घेऊन गेला. मागितलीस परत?"

"ती वेगळी गोष्ट."

"कशी वेगळी?"

"शिडी माझी होती," मासुओ म्हणाला आणि सूप प्यायला बसला.

दुसऱ्या दिवशी आकाश निळंशार होतं. तामोत्सु-सानना मी उतारावर पाहिलं. काय सांगू. जो माणूस सकाळी सपाता कुठल्या पायात घालायच्या म्हणून बराच वेळ उभा होता, तो वरून असा आला, जशी एखादी बाई न मोजता टाके घालते. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. खिडकीत ओरिए-सानच्या हातातला चहा गार झाला तरी त्या बघतच होत्या.

चार वाजले. मासुओ फळी घेऊन उभा राहिला. तामोत्सु-सान त्याच्यासमोर आले.

"आज आपण फार छान घसरलात," मासुओ म्हणाला आणि वाकला.

"आपल्यामुळेच," तामोत्सु-सान म्हणाले आणि वाकले.

"आता थंडी वाढेल."

"वाढणारच. ऋतूच तसा आहे."

"सूर्यही खाली गेला."

"अगदी वेळेवर जातो," तामोत्सु-सान कौतुकानं म्हणाले. मासुओ पुन्हा वाकला. ते पुन्हा वाकले. मग ते रांगेत जाऊन उभे राहिले. रांगेत ते एकटेच होते. मासुओनं लिफ्ट थांबवली, तरी थांबलेल्या लिफ्टसमोर शांतपणे उभे, कारण धून वाजली नव्हती, म्हणजे दुकान उघडं होतं. शेवटी ओरिए-सान कोट चढवून धावत गेल्या. संपली सुट्टी.

"अरे, 'बास' एवढा एक शब्द," मी मासुओला म्हटलं.

"वहिनी, तोंडाशी आला होता गं."

"मग?"

"मग त्यांनी इतका छान नमस्कार केला..."

मी तरी काय तोंडानं बोलणार? माझ्या जेवणघरात रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्यांना मी अजून चहाच वाढते.

त्याच्या पुढच्या दिवशी तुमचा माणूस आला, कुझे-सान. शेवटची मोजणी होती. लिफ्टच्या पायथ्याशी तिवईवर यंत्र ठेवून, कानटोपीवर कानटोपी घालून बसले. माणूस वाईट नाही. त्यांनी माझं लोणचं दोनदा मागून खाल्लं. ते फक्त नियमाप्रमाणे श्वास घेतात.

दुपारी ढग उतरले. मासुओ आज वरच्या टोकाला होता. म्हणाला होता, तिथेच गाठून सांगतो. चारच्या सुमाराला लिफ्ट थांबली, मासुओ स्वतः घसरत खाली आला, आणि त्याच्यामागे कुणी आलं नाही.

"इनागाकी-सान कुठे आहेत?" मी विचारलं.

"मागेच होते."

"सांगितलंस ना त्यांना?"

मासुओनं वर पाहिलं. डोंगर दिसत नव्हता. पहिला खांब दिसत होता, दुसऱ्याची नुसती सावली. "मी म्हटलं, धुकं उतरतंय. ते म्हणाले, हो, सुंदर दिसतंय. मला वाटलं, समजलं त्यांना."

समजणारच. सगळ्या गावाला समजलं असतं. अख्ख्या देशाला समजलं असतं. 'धुकं उतरतंय' म्हणजे 'आता गुमान खाली चला'. न समजणारा एकच माणूस होता, आणि तो वर होता.

ओरिए-सान खिडकीतून उठून बाहेर आल्या होत्या. कोटसुद्धा घातला नव्हता. त्यांनी आमचे चेहरे पाहिले आणि उताराकडे तोंड करून हाक मारली, "अहो!" धुक्यानं ती गिळली. पुन्हा मारली. काहीच परत आलं नाही, साधा प्रतिध्वनीही नाही.

मासुओनं बर्फावरची स्कूटर काढली. कुझे-सान अर्धे उठले. "स्कूटरला अर्थातच हरकत नाही," ते म्हणाले, "फक्त ती अहवालात येईल."

"येऊ दे!" मासुओ ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा ओरडला असेल. ते यंत्रात नोंदलं गेलं.

तो वर जाऊन आला तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. वर कुणी नव्हतं. स्कीच्या खुणा भूर्जांच्या रानाकडे वळल्या होत्या आणि पुढे ताज्या बर्फानं भरून गेल्या होत्या. त्या रानापलीकडे ओढ्याची घळ आहे. बचावपथक खालच्या शहरातून निघालं होतं, घाटात बर्फ होता, अंधार पडायच्या आत पोचणार नव्हतं.

ओरिए-सान कुझे-सानसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कमरेत वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या.

"फार तसदी देतेय. पण ती धून एकदा लावाल का?"

कुझे-सान लाल झाले. "आपली अडचण मला पूर्ण समजते. मी आपली विनंती वरपर्यंत पोचवतो. त्यावर सकारात्मक दृष्टीनं विचार..."

"वरपर्यंत?" मी म्हटलं. "वर त्यांचा नवरा आहे!"

आता पुढचं मी केलं. तुमच्या टिपणात 'कुणीतरी' असं असेल, तर दुरुस्त करून घ्या. लिफ्टच्या खोलीत भिंतीवर धुनेची पेटी आहे. तिच्या दारावर तुम्ही कागदी पट्टी चिकटवली होती, तुमच्या लाल शिक्क्याची. मी ती फाडली. मासुओ दारात उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, दोर जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे." आणि बटण दाबलं.

सगळ्या हंगामात गप्प बसलेले कर्णे आधी खरखरले, खोकले. मग धून सुरू झाली. तीच, शाळेच्या निरोपाला वाजते ती, जरा बेसूर, कारण आमची फीत जुनी आहे. खांबामागून खांब, ती धुक्यात चढत गेली.

आणि काय झालं सांगू? स्कीच्या दुकानाचं शटर खाली आलं. माझी स्वयंपाकीण गॅस बंद करून एप्रन सोडायला लागली. कुंडातल्या गरम पाण्यात बसलेले पाहुणे उठून अंग पुसायला लागले. आणि तुमचे कुझे-सान! त्यांनी टोपी सारखी केली, यंत्राचं बटण बंद केलं, तिवईचे पाय मिटले, पिशवीची चेन ओढली आणि आम्हाला वाकून म्हणाले, "आज खूप कष्ट घेतलेत, मंडळी." म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले.

धून संपली. मी पुन्हा लावली. पुन्हा संपली, पुन्हा लावली. ओरिए-सान पहिल्या खांबाला हात लावून उभ्या होत्या. त्यांच्या केसांवर बर्फ साचत होता आणि तो झटकायची आमच्यातल्या एकाची हिंमत होत नव्हती.

आधी आवाज आला. स्कीच्या कडेनं बर्फ कापल्याचा, श्श, आणि जरा थांबून पुन्हा, श्श. ते यंत्र चालू असतं तरी त्यानं टिपलं नसतं, इतका बारीक. मग धुक्यातून तामोत्सु-सान आले. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. एक हातमोजा नव्हता आणि पाठीवर फांद्यांचा कचरा होता. फाटकापाशी थांबले, स्की काढल्या, तळ एकमेकांवर आपटून बर्फ पाडला, त्या नीट उभ्या करून ठेवल्या. मग फाटकाच्या कडेला पाय जुळवून उभे राहिले, हात मांड्यांवर ठेवले, आणि निरोप द्यायला लागले.

"आपले आभार. पुन्हा या." हे मासुओला. मासुओ रडत होता, तरी वाकला.

"आपले आभार. पुन्हा या." हे कुझे-सानना. पिशवीसकट वाकले.

"आपले आभार." हे मला.

मग ओरिए-सान समोर आल्या. त्यांच्याकडे बघून ते जरा घुटमळले. "आपण शेवटच्या आज," ते अदबीनं म्हणाले. "खूप वेळ थांबावं लागलं का? बाहेर थंडी आहे. सावकाश जा हं. पुन्हा या."

"येईन ना," ओरिए-सान म्हणाल्या. "नक्की येईन." आणि नवऱ्याचा उघडा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन घासायला लागल्या. त्यांनी घासू दिला. गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं?

आता गंमत ऐका, म्हणजे तुम्ही केलेलीच. वसंतात तुमचा निकाल आला. मी वाट बघत होते की दर्जा नाकारला असणार, दोर गेला असणार, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसणार. पण मोजणीत धून नव्हती! पहिल्या सुरालाच तुमच्या माणसानं यंत्र बंद करून पिशवीत घातलं होतं. तुमच्या हिशोबानं त्या दिवशी कुरुमिझावात एक स्कूटर आणि मासुओची एक आरोळी एवढंच घडलं. योजनेतल्या पाचही गावांत आम्ही पहिले आलो. लाकडी पाटी मिळाली, दोर मिळाला. आणि कागदी पट्टी फाटते हे कुणीतरी कळवलं असावं, कारण पेटीवर आता तुम्ही लोखंडी पट्टी ठोकून गेलात. वर बजावलंत, ही तुटली तर लिफ्टचा परवाना रद्द. ह्या वेळीही विचारलंत, "कुणाची काही हरकत?"

ह्या वेळी मी हात वर केला. उभी राहिले आणि म्हणाले, "आहे." सभागृहात लोक असे बघायला लागले जसे मी कपडे काढतेय. तुम्ही गोड हसलात, मान हलवलीत, म्हणालात, "आपल्या मताचा आदर आहे," आणि लिहून घेतलंत, 'जवळजवळ एकमतानं मंजूर'.

काल पहिला बर्फ पडला. काल ओरिए-सानचा फोनही आला. आवाज थकलेला होता. म्हणाल्या, ह्यांना आता माझंही नाव आठवत नाही, पण कपाटातल्या स्की रोज काढून पुसतात. डॉक्टर म्हणतात, कदाचित हा शेवटचा हिवाळा. फेब्रुवारीत खोली ठेवाल का? मी ठेवते म्हटलं. मग त्यांनी दुसरी गोष्ट विचारली, आणि मी दातांमधून हवा आत ओढली. त्यांना समजलं.

म्हणून हे लिहितेय. तो माणूस फेब्रुवारीत वर जाणार आहे. फळी त्याला वाचता येते, पण तिचा अर्थ लागत नाही. मासुओला 'बास' म्हणता येत नाही. बायकोची हाक तो आता ओळखत नाही. त्याला खाली कोण बोलावणार? तुमची सकारात्मक दृष्टी मला नको, आदर नको, मान तिरकी करू नका. एक नाव लिहून कळवा: चार वाजता त्या फाटकाशी उभं राहून त्याला हाक कोण मारणार आहे?